काडी चावायचा मान

बिरदेवाच्या माळावर कुणाचंच कुंपण नव्हतं. गावातल्या चाळीसेक घरांचे गवताचे पट्टे तिथं एकाला एक लागून होते आणि हद्द म्हणजे कुठं एखादा उभा दगड, कुठं निवडुंगाचं ठोंब. त्यामुळं सगळ्यांनी एकाच दिवशी विळा लावायचा, अशी रीत पडली होती. एकानं आधी कापलं की त्याची गाडी दुसऱ्याच्या उभ्या गवतातनं जाणार, मोकळी सुटलेली म्हसरं तिसऱ्याच्या पट्ट्यात तोंड घालणार आणि चौथा काठी घेऊन धावत येणार. डोकी फोडून घेण्यापेक्षा दिवस ठरवलेला बरा, एवढं शहाणपण गावाला फार पूर्वी सुचलं होतं. बाकीच्या बाबतीत गाव तसं यथातथाच होतं.

तो दिवस सांगायचा मान ईरप्पा चौगुल्याच्या घराकडं होता. दसरा जवळ आला की ईरप्पा रोज सकाळी दव सुकल्यावर माळावर जायचा, पवन्याची एक काडी मोडून घ्यायचा आणि तिचं दुसरं कांडं दाढेखाली धरून चावायचा. पवन्या म्हणजे माळावरचं पहिल्या प्रतीचं गवत, म्हशी त्यावर तुटून पडतात. काडी चिवट लागली आणि गोड पाणी सुटलं तर गवत कच्चं. नुसताच कोंडा तोंडात आला तर वेळ टळली. काडी कटकन मोडते आणि तरी जिभेला जराशी गोडी लागते, असे मोजके दिवस मधे असतात. त्यांतला एक पकडायचा. कच्चं कापलं तर गंजीत ऊब धरते, गवत काळं पडतं, जनावर नाक लावून तोंड फिरवतं. उशीर केला तर पवन्याचा नुसता चोथा उरतो आणि शेजारच्या कुसळी गवताचे काटे म्हशीच्या जिभेत आणि माणसाच्या पिंढऱ्यांत मोडतात. ईरप्पाचा दिवस तीस-पस्तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच्या तोंडानं सांगायला कधी लाजलाही नव्हता.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात माळ नेहमीसारखा बोडका पडला. धनगरांची मेंढरं उरलंसुरलं कुरतडून पुढं गेली. तापलेल्या मुरमावर चंडोलांनी ढेकळांच्या आडोशाला घरटी केली आणि टिटव्या येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर ओरडत राहिल्या. त्याच उन्हाळ्यात ईरप्पाचे दात गेले. वर्षभर हिरड्या सुजत होत्या. शेवटी शशिधरनं, त्याच्या मुलानं, त्याला मोटारसायकलवर घालून कागलला नेलं. शशिधर बिद्रीच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला होता आणि हंगाम संपल्यावर त्याला घरात बसवत नसे, काहीतरी दुरुस्त करायला लागायचं. त्या वर्षी त्यानं बाप दुरुस्त केला. उरलेले दात काढले आणि महिन्याभरानं वर-खाली पांढरीशुभ्र कवळी बसवली.

ईरप्पा खूश झाला. पूर्वी तो फारसा हसत नसे, आता कारण नसताना हसायला लागला. बाजारात शेंगदाणे घेऊन लोकांच्या समोर खायचा. कवळी बसवून आल्यापासून म्हातारा दहा वर्षांनी तरणा झाल्याचं त्याच्या बायकोचं, चन्नम्माचं मत होतं. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे तिलाच ठाऊक.

आषाढात माळावर असा वारा सुटला की उभ्या माणसाचं इरलं उडून जावं. धुक्यात शेजारचा पट्टा दिसत नव्हता. दगडांना शेवाळ आलं, बारक्या गोगलगाई निवडुंगावर चढल्या आणि गवत बोटभराचं हातभर झालं. भादव्यात ते कमरेला लागलं. सोनकी पिवळी झाली, लावे गवताच्या बुडातनं चालत चालत ओरडायला लागले. घटस्थापनेच्या आसपास काळेपांढरे परीट पक्षी गोठ्याच्या दारात शेपट्या हलवत शेणातले किडे टिपायला आले, आणि संध्याकाळी लांब पंखांचे राखी ससाणे माळावर तरंगत येऊन गवतातच झोपायला उतरू लागले. पवन्याच्या तुऱ्यांवर तांबूस झाक चढली. गावातल्या लोकांनी विळे पाजळून घेतले.

ईरप्पाची सून शिवलीला रोज म्हशींसाठी माळाच्या कडेचं गवत कापून आणायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. माहेर नदीकाठचं, उसातलं, पण ह्या घरात आल्यापासून तिचा दिवस ह्या माळावर उगवायचा. अंगानं शिडशिडीत, बोलायला धारदार, आणि एखादी गोष्ट मनाला पटली की ती बोलून टाकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं गवताचा भारा गोठ्यात टाकला आणि थेट चुलीपाशी आली.

"आत्ती, मामांची काडी चुकतीया."

चन्नम्मा भाकरी थापत होती. "म्हंजी?"

"काल म्हणत हुते, गवत झालं, दसऱ्याला कट्ट्यावर सांगतो. पर गवत कच्चं हाय. मी रोज चावतीया की. अजून ऊस खाल्ल्यागत लागतंय."

"तू कशाला चावतीस?"

"कापताना तोंडाला काय काम असतंय?"

चन्नम्मानं भाकरी तव्यावर टाकली. "मग त्यांस्नी सांग जा."

"तुमी सांगा की."

"मी? एकदा म्हटलं हुतं, तुमचा बैल लंगडतोय. तीन दिवस माझ्याशी बोलला न्हाय त्यो माणूस. बैल लंगडतच हुता."

शिवलीलानं पदर सारखा केला आणि सोप्यात गेली. ईरप्पा विळ्याची मूठ काचेच्या तुकड्यानं घासत बसला होता. तिनं जमेल तितकं नरम बोलून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग दात दाखवून हसला.

"पोरी, माझं दात तुझ्यापरीस नवं हाईत."

"नवं हाईत म्हणूनच म्हणतीया, मामा. त्यास्नी गोड कळतंय का?"

ह्यावर तो हसला नाही. विळा घासत राहिला. शिवलीला आत गेली. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त त्याची काळजी वाटत होती, कारण काडी चावताना म्हाताऱ्याची मान कशी एका बाजूला वाकते, डोळे कसे मिटतात, हे तिनं पाहिलं होतं. ह्या वर्षी त्यानं डोळे मिटले नव्हते. काडी नुसती मोडून फेकत होता. प्लॅस्टिकखाली कुठलीही काडी कटकनच मोडणार.

दसऱ्याला देवळाच्या कट्ट्यावर आपट्याची पानं देऊन झाली आणि ईरप्पानं दिवस सांगितला. "परवा. उजाडता इळा लावायचा." लोकांनी माना हलवल्या. कुणी विचारत नसे, विचारायची पद्धतच नव्हती.

परवा उजाडलं. माळावर चाळीस घरं उतरली. ईरप्पानं आपल्या पट्ट्यात बसवण्णाचं नाव घेऊन पहिली मूठ कापली, तुरा कपाळाला लावला, आणि इकडून तिकडं विळे सुरू झाले. शशिधर आणि शिवलीला बापाच्या दोन्ही अंगांना होते. माणसांच्या मागं बगळ्यांची रांग लागली. विळ्यानं उडालेला नाकतोडा जमिनीला टेकायच्या आत उचलायचा, हा त्यांचा धंदा.

शेजारचा पट्टा हंबीररावाचा होता, माळावरचा सगळ्यात मोठा. त्याच्या गोठ्यात पंधरा म्हशी, दारात ट्रॅक्टर. दिवाळीनंतर त्याच्या उसाला तोड येणार होती, त्यामुळं तो घाईत होता आणि त्यानं तानाबाईची टोळी लावली होती. तानाबाई विहाराच्या गल्लीतली, पन्नाशीची, हातात वेग आणि तोंडाला खीळ नाही. तिचा स्वतःचा एक चिंचोळा पट्टा माळाच्या अगदी मधोमध होता. आधी पैऱ्यानं दुसऱ्यांचं कापायचं, मग सगळ्यांनी मिळून तिचं.

न्याहारीच्या आधीच ती थांबली. तिनं विळ्याचं पातं बोटानं पुसलं आणि बोट वर धरलं. बोट हिरवं झालं होतं.

"अण्णा," ती ईरप्पाला मोठ्यानं म्हणाली, "गवत रडतंय."

ईरप्पा कापत राहिला.

"इळ्याला आवाज न्हाय. पिकलं गवत कसं खरखर बोलतंय. हे नुसतं भाजी कापल्यागत चाललंय. आणि नाकतोडं बघा, हिरवंगार. पवन्या पिकला की ह्यास्नीबी तांबूस रंग येतोय."

पट्ट्यापट्ट्यातनं माणसं उभी राहिली. ज्याला त्याला हे सकाळपासून कळलं होतं, पण ईरप्पाचा दिवस चुकतो हे म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. आता एकजण बोलल्यावर सगळ्यांना सुचलं. हंबीरराव धोतराला लागलेलं गवत झाडत आला. एक पेंडी उचलून त्यानं पिळली. हाताला ओल लागली.

"ईरप्पाण्णा, हे गंजीत घातलं तर महिन्यात शेणखत हुईल."

"ऊन हाय की कडक," ईरप्पा म्हणाला. "दोन दिवस पसरू."

"दोन दिवसात वाळणारं हे दिसतंय व्हय? चुकलासा तुमी. चुकतंय माणूस, त्यात काय एवढं. पर मग मी म्हणतो, हे एक दिवसाचं खूळ आता पुरे. ज्यानं त्यानं आपापलं बघावं. मी ट्रॉली आणतो, माझं मला कवा कापायचं ते कापतो."

"आणि माझ्या पट्ट्यावर मी विमानानं जाऊ?" तानाबाई म्हणाली. "मधे हाय माझा. तुमची ट्रॉली तेच्यावरनं जाणार न्हवं?"

मधले पट्टे असलेली आणखी पाच-सात घरं तिच्या मागं येऊन उभी राहिली. कुणी जोरात बोलायला लागलं, कुणाचा हात कुणाच्या छातीला लागला. शिवलीलानं विळा खाली ठेवला. तिला एवढं स्वच्छ दिसत होतं की आज इथं भांडण लागलं तर पुढच्या वर्षी ह्या माळावर काठ्या घेऊन राखणीला बसावं लागणार, आणि मधल्या लोकांचं गवत मधल्यामधे तुडवलं जाणार. आणि हे सगळं तिच्या घराच्या एका काडीपायी.

ती काही बोलणार तेवढ्यात ईरप्पा हलला. त्यानं विळा कमरेला खोचला, लोकांकडं पाठ केली आणि तोंडात बोटं घातली. वरची कवळी काढली, मग खालची. दोन्ही धोतराच्या सोग्याला पुसून अंगरख्याच्या खिशात टाकली. परत फिरला तेव्हा त्याचे गाल आत गेले होते आणि तो आहे त्याहून म्हातारा दिसत होता. चन्नम्मा लांबून बघत होती, तिनं मान खाली घातली.

त्यानं पवन्याची एक काडी मोडली आणि सुनेपुढं धरली.

"चाव."

बोबडा शब्द होता, पण सगळ्यांना कळला. शिवलीलानं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि काडीचं दुसरं कांडं दाढेखाली धरलं. माळावर बगळ्यांशिवाय कुणी हलत नव्हतं.

"गोड हाय," ती म्हणाली. "मोडत न्हाय. अजून आठवडा."

"नक्की?" हंबीररावानं विचारलं.

"आठवडा म्हटलं न्हवं?"

ईरप्पा लोकांकडं वळला. "ह्या सालापासनं दात हिचं," तो म्हणाला आणि आपल्या पट्ट्यातल्या कापलेल्या गवताचा भारा बांधायला वाकला.

हंबीररावाला हे गळी उतरवून घ्यायला वेळ लागला. शेवटी त्यानं अट घातली. आठवडा थांबू. ह्या आठवड्यात पावसानं झोडपलं किंवा कुसळ सुटलं, तर पुढच्या सालापासून हा मान-बिन बंद आणि ट्रॉली चालू. आणि ठरलेल्या दिवशी कापलेलंही गंजीत टिकलं पाहिजे. दिवाळीच्या पाडव्याला गंजीत हात घालून बघायचं. ऊब लागली तरी तेच. "कबूल?" त्यानं ईरप्पाला विचारलं.

ईरप्पानं सुनेकडं बघितलं.

"कबूल," शिवलीला म्हणाली.

ते ओलं गवत सगळ्यांनी आपापल्या म्हशींना घातलं. म्हशी तेवढ्या खूश झाल्या.

ईरप्पा दोन दिवस घरातनं बाहेर पडला नाही. कवळी कोनाड्यात पडून होती. दुधात भाकरी कुस्करून खायचा आणि भिंतीकडं तोंड करून निजायचा. त्याला लाज वाटत होती, आणि ती त्यानं लपवलीही नाही. "सगळ्या माळानं माझं बोळकं बघितलं," एवढंच तो एकदा म्हणाला. चन्नम्मानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मी तर किती वर्सं बघतीया," ती म्हणाली. तो हसला नाही, पण तिसऱ्या दिवशी उठला, कवळी बसवली आणि सुनेच्या पुढं होऊन माळाची वाट धरली.

वर गेल्यावर तो तिला घेऊन सगळा माळ फिरला. ह्या जागा त्यानं मुलालाही कधी दाखवल्या नव्हत्या, मुलानं विचारलंही नव्हतं.

"ह्या खडकावरची काडी चावू नगंस. माती चार बोटं. लौकर वाळती आणि खोटं बोलती. त्या खोलगट्यातली ऱ्हाती हिरवी, तिच्या नादाला लागलीस तर कुसळात सापडशील. ही उताराची धर. हिच्यासारखाच निम्मा माळ असतोय."

तिनं चावली. त्यानं मान तिच्याकडं वाकवली आणि डोळे मिटले.

"काय ऐकतासा?"

"चव न्हाय कळत मला आता. पर आवाज कळतोय. आज न्हाय मोडली. दबली."

"गोडीबी हायच."

"उद्या परत."

मग दोघं मिळून जायला लागले. ती चावायची, तो ऐकायचा. गावातल्या रिकामटेकड्यांना हा चांगला विषय झाला. सून चावती, सासरा ऐकतोय, आता म्हातारी काय करती, गिळती का, असं कुणीतरी कट्ट्यावर म्हणालं. ते चन्नम्माच्या कानावर गेलं. तिनं त्या माणसाला पाणंदीत गाठून सांगितलं, की ती काय करते ते बघायचं असेल तर त्यानं जेवायला यावं, भाकरीबरोबर लाटणंही मिळेल.

कापणी थांबल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी आभाळ आलं. आंबोलीकडनं काळे ढग उठले आणि ससाणे त्या दिवशी माळावर उतरलेच नाहीत, वरच्या वर निघून गेले. हंबीरराव ट्रॅक्टरवरून जाताना मुद्दाम चौगुल्यांच्या दारात वेग कमी करून वर बघून गेला. शिवलीला शेणी थापत होती. वर न बघता ती थापत राहिली. चार थेंब पडले, अंगणात धूळ उडाली, आणि ढग तसेच सीमेपलीकडं निघून गेले.

पाऊस गेला, पण त्याच्या मागनं पूर्वेचा वारा सुटला. कोरडा आणि गार, ओठ फोडणारा. दुसऱ्या दिवशी पहाटे दव पडलंच नाही. तुऱ्यांची तांबूस झाक रात्रीत उडून माळ पिवळा दिसायला लागला. शिवलीलानं उतारावरची काडी चावली. कट असा आवाज झाला. जिभेवर अगदी शेवटची गोडी होती.

"मोडली," ईरप्पा म्हणाला.

"मोडली. आणि उद्या कोंडा हुईल. ह्यो वारा थांबत न्हाय. मामा, आजच लावायला पायजे."

"आठवडा व्हायला अजून दोन दिवस हाईत."

"आठवडा मी म्हटलं हुतं, वाऱ्यानं न्हवं."

ईरप्पानं वाऱ्याकडं तोंड केलं. "आज सोमवार हाय," तो म्हणाला.

सोमवारी त्यांच्या घरात बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. बसवण्णाचा वार. ईरप्पाच्या आज्यापासून हा नेम होता, आणि गावातली बाकीची लिंगायत घरंही तो पाळत होती. नुसतं औत नाही, गाडीसुद्धा नाही. शिवलीला हे विसरली नव्हती. वर येतानाच तिनं त्याचा विचार केला होता.

"जू बैलाला न्हाय," ती म्हणाली. "इळा मी हातात धरणार हाय. कापायचं आज, पसरून ठेवायचं, गाड्या उद्या जुपायच्या."

ईरप्पानं खिशातली तंबाखू काढली, परत ठेवली. "जा मग. सांग जा."

"तुमी चला."

"मी ऐकलं, माझं काम झालं. दात तुझं."

ती एकटी उतरली. देवळाच्या कट्ट्यावर हंबीरराव आणि पाचसहाजण बसले होते. बायका त्या कट्ट्यापुढनं मान खाली घालून जायच्या. शिवलीला कट्ट्याच्या समोर थांबली आणि तिनं सांगितलं, मोठ्या आवाजात, कारण हळू सांगायची ही गोष्टच नव्हती.

"आज. आत्ताच्या आत्ता इळा लावायचा. गाड्या उद्या."

कुणी उठलं नाही. एकानं विचारलं, "ईरप्पाण्णा कुठाय?"

"माळावर. पुढं गेलेत."

"आठवडा म्हणाला हुतासा सूनबाई," हंबीरराव म्हणाला. "आणि आज तुमचाच सोमवार. घरातला नेम मोडायचा आणि वर आमाला पळवायचं?"

"नेम मोडत न्हाय, काका. बैल गोठ्यातच हाईत. पर गवताला वार कळत न्हाईत. उद्या दुपारला कुसळ सुटल. मग मला नावं ठेवायला तुमी मोकळं हाईसाच, पर पंधरा म्हशींच्या जिभा कोण धुणार?"

मागनं विळ्यांचा खणखणाट झाला. तानाबाई तिच्या टोळीला घेऊन गल्लीतनं बाहेर पडली होती, डोक्याला फडकी बांधलेली. तिनं कट्ट्याकडं बघितलंही नाही. "चल गं," ती शिवलीलाला म्हणाली, "मी सकाळी उठल्या उठल्या वारा बघितला. तू आली न्हाईस तर तुझ्या दारात येणार हुतो आमी."

टोळीच निघाल्यावर हंबीरराव बसून काय करणार? तो उठला. तो उठल्यावर बाकीचे उठले.

त्या दिवशी माळ बोलत होता. चाळीस घरांच्या विळ्यांची खरखर खाली ओढ्यापर्यंत ऐकू जात होती. उन्हाच्या तिरपेनं डोळे दिपत होते, हाताला चिरा पडत होत्या, कंबर मोडत होती आणि कुणाला थांबावंसं वाटत नव्हतं. कापत कापत गवत माळाच्या मधोमध उरलं तसे त्यातनं ससे उड्या टाकत बाहेर पडले. शशिधर एका सशामागं धावला आणि पेंडीत अडकून तोंडावर आपटला. त्यावर सगळा माळ हसला, शिवलीला सगळ्यात जास्त. शेवटी तानाबाईचा चिंचोळा पट्टा उरला. त्यात चहूबाजूंनी माणसं शिरली आणि पाणी पिऊन व्हायच्या आत तो कापून झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी उरल्यासुरल्या कडेच्या कुसळीनं काटे सोडले. त्यांना टोचायला तिथं काहीच नव्हतं, म्हणून ते वाऱ्यावर गेले. मंगळवारी गाड्या लागल्या. मोकळ्या माळावरून कुणीही कुठूनही गेलं तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

दारादारात गंज्या उभ्या राहिल्या. आता राहिला होता पाडवा.

गंजीतली ऊब वरनं दिसत नाही. गवत आतल्या आत तापतं, घाम सोडतं, आणि वरची पेंडी मात्र कोरडी ठणठणीत असते. शिवलीलाला ते पंधरा दिवस फार लांब गेले. कट्ट्यासमोर तिला भीती वाटली नव्हती, आभाळ आलं तेव्हाही तिनं ती दाबली होती. आता रोज गोठ्यात जाताना ती गंजीला नाक लावायची आणि वासावरनं काही कळत नाही म्हणून स्वतःवर चिडायची. हात घालून बघायची तिची हिंमत झाली नाही.

पाडव्याच्या सकाळी म्हशींची शिंगं रंगवून झाली. चन्नम्मानं ओवाळलं. ईरप्पानं अंगरखा काढला, उघड्या अंगानं गंजीपाशी गेला आणि दोन पेंड्यांच्या मधे हात घातला. आधी कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत, मग पार खांद्यापर्यंत. गाल गवताला टेकला. डोळे मिटले. गवताची काडी त्याच्या कानात टोचत होती तरी तो हलला नाही. शशिधर काही विचारणार होता, चन्नम्मानं त्याला गप्प केलं. शिवलीला पाण्याचं भांडं हातात धरून उभी होती.

बऱ्याच वेळानं त्यानं हात काढला. हाताला कोरडा भुसा चिकटला होता. त्यानं तळहात आधी स्वतःच्या नाकाशी नेला, मग सुनेच्या गालाला लावला.

"थंड," तो म्हणाला.

शिवलीलानं भांडं खाली ठेवलं आणि तिथंच गंजीला पाठ लावून बसली. तिला रडू आलं. तिनं येऊ दिलं.

उन्हं वर आल्यावर हंबीरराव आला. सणाचा पांढरा सदरा होता, पण उजवी बाही खांद्यापर्यंत गवतानं माखली होती, म्हणजे त्याच्याही गंजीत हात जाऊन आला होता. चन्नम्मानं त्याच्यापुढं करंज्यांचं ताट ठेवलं. त्यानं एक करंजी खाल्ली, दुसरी घेतली, उसाच्या तोडीबद्दल शशिधरशी बोलला, ईरप्पाची कवळी कशी चालते ते विचारलं. गवताचं नाव काढलं नाही. ईरप्पानंही काढलं नाही. तो कवळीनं करंजी मजेत चावत होता.

जायला उठल्यावर हंबीरराव गोठ्याच्या दाराशी थांबला. शिवलीला आत म्हशीला गवत टाकत होती.

"सूनबाई," तो म्हणाला, "पुढच्या साली जरा आदल्या रोजी सांगत जावा. असं उठवून पळवलं की माणसं गोळा हुईनात."

शिवलीलानं पेंडी सोडली, गवत पसरलं.

"गवताला इचारून सांगते, काका," ती म्हणाली आणि दुसरी पेंडी घ्यायला वळली.